माळावरचा भंडारा

मेंढरं राखणाऱ्या बानाबाईनं पंचांपुढं बोलताना मोठी चूक केली, यावर रविवारी सकाळी काकासाहेबांच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. या घरात एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. एरवी वरणात मीठ किती, यावरूनही दोन तट पडायचे. आज मात्र काकासाहेब, त्यांची बायको साळूबाई आणि मुलगा नानासाहेब एका सुरात बोलत होते, आणि तेवढ्यावरूनच काहीतरी शिजतंय हे बद्रीनाथनं ओळखलं. धाकट्या भावाला सकाळी सकाळी बायकोसकट बोलावून घेऊन जिलबी खाऊ घालणारे काकासाहेब त्यानं जन्मात पाहिले नव्हते.

"बाई काय बोलली ते नीट आठवा," नानासाहेब म्हणाला. त्याचं औरंगपुऱ्यात पाइपांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पटवताना तो जसा पुढे सरकून बसायचा तसाच आत्ता बसला होता. "तात्याच्या उशाला जे दोघं बसले व्हते, त्यांच्यातल्या कुणीबी एकानं खंडोबाचा भंडारा उचलावा अन् सांगावं, की तात्यानं माळ बिरूला दिला नव्हता. त्याच दिशी मी मेंढरं घेऊन उठते. कुणीबी एकानं, बापू. नाव घेतलं नाय तिनं. तिथंच फसली."

"फसली कशी?" बद्रीनाथनं विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं. तरी ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

साळूबाईनं त्याच्या ताटलीत आणखी एक जिलबी टाकली.

माळाची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. रझाकारीच्या साली या दोघा भावांच्या वडलांना, तात्यासाहेबांना, धरायला माणसं आली, तेव्हा बिरूनं त्यांना आपल्या मेंढरांच्या वाड्यात घोंगडीखाली लपवलं, आणि पोलिस अ‍ॅक्शन होईपर्यंत कळपाबरोबर डोंगरांतून फिरवलं. तात्या घरी परतले ते अंगाला मेंढरांचा वास घेऊन. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, खंडोबाच्या देवळाजवळचा माळ आजपासून बिरूचा. बिरूनं कागद मागितला नाही. जबान दिलेली असताना कागद मागणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं, असं मानणारी ती माणसं होती. मरताना मात्र तात्यांना कागदाची आठवण झाली. "माळ बिरूचा. कागद करून द्या," असं ते म्हणाले. "व्हय तात्या, करतो," असं थोरल्या काकासाहेबांनी उत्तर दिलं. धाकट्या बद्रीनाथनं दोन्ही वाक्यं आपल्या कानांनी ऐकली.

कागद काही झाला नाही. वाटणीत माळ काकासाहेबांच्या नावावर चढला. तिथं नुसते दगड आणि कुसळं होती, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. बिरू मेला, बिरूचा मुलगा मेला, सून बानाबाई मेंढरं घेऊन तिथंच राहिली. मग शेंद्र्याला कारखान्यांची वसाहत आली, डांबरी रस्ता माळाला येऊन टेकला, आणि तात्या शेवटी शेवटी शुद्धीवर नव्हते हे काकासाहेबांना एकाएकी आठवलं.

"गोल गोल फिरण्यात काय मतलब," काकासाहेब आता म्हणाले. "बद्री, दुपारी पंच देवळावर जमणार हायेत. भंडारा तू उचलायचा."

"मी?"

"मंग कोण? उशाला आपण दोघंच व्हतो."

"तर तुमी उचला, दादा. माळ तुमच्या नावावर हाये. गिऱ्हाईक तुमी बघून ठेवलंय."

काकासाहेबांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. सकाळच्या पूजेची हळद तिथं अजून ओली होती. "मला नाय जमायचं," ते म्हणाले. "मी देवाचा माणूस. घरात देवांचे टाक हायेत. दर रविवारी मी माळावर जाऊन पायरीला डोकं टेकवतो. त्याच पायरीवर उभं राहून मी..." ते थांबले. शेवटचा शब्द त्यांनी गिळला, पण घरातल्या सगळ्यांना तो ऐकू आला.

"अन् मला जमंल?"

"तू मानतच नाहीस. दगड हाये, दगड हाये म्हणून गावभर सांगत फिरतूस. दगडापुढं बोलायला काय लागतं? मला पाप लागंल, तुला कुठून लागायचं? ज्याला देवच नाय त्याला पाप कसलं?"

बद्रीनाथ भावाकडे बघतच राहिला. काय पण हिशेब लावला होता. देव खरा म्हणून स्वतः मागं सरायचं, आणि देव खोटा म्हणून भावाला पुढं ढकलायचं. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं त्यानं बाजारात खूप बघितली होती. पण कपाळाला हळद लावून, मांडी घालून, शांतपणे हे मागणारा माणूस त्याच्याच आईच्या पोटचा निघावा, याचा त्याला संताप आला.

"अन् बापू, दुसरं म्हंजी," नानासाहेबानं गाडी पुढं हाकली, "तुमीच म्हणता की. चौकात चहा पिताना मी कितीदा ऐकलंय. खरं काय अन् खोटं काय, शेवटी सगळ्याची माती. मंग एक वाक्य बोलायला अडतंय कुठं? डांबरीला लागून एक गाळा तुमच्या नावानं करून देतो. औरंगपुऱ्याच्या बोळात बसून किती दिवस जळक्या मोटारींना तार गुंडाळणार?"

हे मात्र बद्रीनाथला वर्मी लागलं. कारण ते त्याचंच वाक्य होतं. पोरगी गोदा गेल्यापासून त्यानं ते इतक्या वेळा म्हटलं होतं, की चहावाला सुद्धा त्याची नक्कल करायचा. म्हणताना आपण फार मोठं काही बोलतोय असंही त्याला वाटायचं. आज तेच वाक्य पुतण्यानं धुऊन, घडी घालून त्याच्यापुढं ठेवलं होतं.

घाव बसलेला पाहून साळूबाईला धीर आला. ती वाईट बाई नव्हती. तिला फक्त मनातलं पोटात ठेवता यायचं नाही.

"आमी उचलला तर लेकराबाळांवर येतं, भाऊजी," ती समजुतीच्या आवाजात म्हणाली. "खोटा भंडारा वंशावर जातो, वरसाच्या आत घरातलं एक माणूस नेतो. नानाला दोन पोरं हायेत. तुमचं तसं काय नाय. तुमच्यामागं हाये कोण?"

स्वयंपाकघराच्या दारात सरूबाई, बद्रीनाथची बायको, चहाचे पेले घेऊन उभी होती. तिनं ते एकेक करून खाली ठेवले. हात रिकामे झाल्यावर ती पुढं आली.

"जाऊबाई, मी हाये की," ती म्हणाली. "का मला मेलेली धरलं?"

"तसं नाय गं सरू, मी आपलं..."

"तसंच हाये. देव कोपला तर आमच्याकडं न्यायसारखं काय उरलं नाय, म्हणून आमाला पुढं करता व्हय? घरातलं एक माणूस नेतो म्हणता. आमच्या घरात माणसं किती? हे अन् मी. दोघांतलं कुणी गेलं तर चालतंय तुमाला. चला, तोंडानं बोलून तरी दाखवलं."

"सरूबाई, मोठ्यांच्या मधी बोलू नको," काकासाहेब म्हणाले.

"मी मधी नाय बोलले, दादा. माझ्याच मरणाचं बोलणं चाललंय, त्यात बोलले."

काकासाहेबांनी तिच्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. लहानपणी बद्रीनाथला शाळेत पाठवताना ते असेच बोलायचे. "बद्री, तात्या गेल्यावर तुला कुणी सांभाळलं? कामाला लावलं, दुकान थाटून दिलं, लग्न लावलं. आजवर काय मागितलं का मी? पहिल्यांदा मागतोय. एक वाक्य मागतोय."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त चीड आली. बद्रीनाथ उठला, पायात चपला सरकवल्या. दारातून म्हणाला, "दुपारी देवळावर येतो."

हो म्हणाला की नाही म्हणाला, ते कुणी विचारलं नाही. नानासाहेबानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि एक जिलबी उचलली.

*

नानासाहेबाची जीप नको म्हणून बद्रीनाथ आणि सरूबाई पायीच माळाकडे निघाले. ऊन चांगलंच तापलं होतं. उजव्या हाताला कारखान्यांचे पत्रे चमकत होते. नवराबायकोत बोलणं फार नव्हतंच. गोदा गेली तेव्हा त्यानं घरातल्या देव्हाऱ्याकडं बघणं सोडलं आणि तिनं देव्हारा जास्तच घट्ट धरला. त्यानंतर एका छताखाली दोघांनी आपापलं दुःख वेगवेगळ्या चुलींवर शिजवलं.

गोदा दुसरीत होती. कपाशीत पान लागलं तिला. ज्याला लागतं त्याच्यापुढं सापाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आमच्याकडं पान म्हणतात. बद्रीनाथ ओरडत होता, पोरीला शहरात घाटीच्या दवाखान्यात न्या. जीप दारात उभी होती. काकासाहेब म्हणाले, आधी खंडोबाच्या पायावर घालू, कपाळाला भंडारा लावू, मग जाऊ. देवाच्या दारातून गेलेलं लेकरू माघारी येतं. थोरला भाऊ म्हणाला म्हणून बद्रीनाथनं ऐकलं. जीप आधी माळावर गेली. काकासाहेबांनी ओंजळ भरून भंडारा पोरीच्या कपाळावर चोळला. ते स्वतः ओक्साबोक्शी रडत होते. मग जीप शहराकडं सुटली आणि चिकलठाण्याच्या अलीकडंच पोरगी गेली. घामानं हळद ओघळून तिच्या भुवयांत उतरली होती. बापानं ती आपल्या तळहातानं पुसली.

त्या दिवसापासून त्यानं भंडाऱ्याला हात लावला नव्हता. पण भावाला त्यानं एका शब्दानंही दोष दिला नाही. लोकांना नवल वाटायचं. गावात दोन घरं कायमची तुटायला याहून कितीतरी लहान कारणं पुरली होती. बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं मात्र काकासाहेबांचं ते रडणं असायचं. देव पोरीला वाचवील, यावर त्या माणसाचा खरोखर भरवसा होता. भरवशानं चुकलेल्या माणसाला काय बोलायचं?

आणि आज तोच माणूस म्हणत होता, दगडापुढं बोलायला काय लागतं.

चालता चालता बद्रीनाथ स्वतःवरही चिडला. खरंच, काय लागतं? वर कुणी नाही हे त्याला पटलेलं होतं. स्वर्ग नाही, नरक नाही, वहीत लिहून ठेवणारा चित्रगुप्त नाही. मग बानाबाई माळावर राहिली काय आणि उठली काय, त्याच्या छातीत ही आग कशाला? भावाचं ऋण फिटेल, गाळा मिळेल, आणि शेवटी सगळ्याची मातीच. त्याचंच वाक्य होतं ते. त्यानं ते मनात परत म्हणून पाहिलं. आज ते नासक्या दुधासारखं लागलं.

त्याला दुकानातली एक दुपार आठवली. गोदाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. कुण्या शेतकऱ्याची विहिरीवरची जळलेली मोटार बांधायला आली होती. जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार फेरे मोजून भरायची, वरून वार्निश मारायचं, की आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. फेरे कमी घातले तर तांबं वाचतं. मोटार हिवाळाभर नीट चालते आणि ऐन उन्हाळ्यात, विहिरीला तळ लागल्यावर जळते. शेतकरी विजेला शिव्या देतो. शेजारचे सगळे तसंच करायचे. त्या दुपारी बद्रीनाथनंही केलं. कशालाच काही अर्थ उरला नव्हता, तर तारेला कुठून येणार? फेरे कमी भरले, वार्निशचा डबा उघडला, ब्रश बुडवला. आणि ब्रश तसाच ठेवून त्यानं सगळी तार उपसली आणि पहिल्यापासून भरायला घेतली. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. देवाला तर त्यानं तेव्हाच घरातून काढलेलं होतं. तरी हात ऐकेना. का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आत्ताही येत नव्हतं. पण सगळ्याची माती म्हणणारा तोच आणि तार उपसणाराही तोच, आणि दोघांतला खरा कोणता, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. चौकात बसून त्यानं इतकी वर्षं खोटंच बडबडलं होतं.

"अवं," सरूबाई मागून म्हणाली. तिचा श्वास चढला होता. "काय बोलणार हायेत तिथं?"

"तू काय म्हणतीस?"

"मी नाय म्हणायची. मी म्हणले तर ते माझं व्हईल. तुमचं तुमी बघा."

"देव कोपला तर तुला भ्या नाय वाटत?"

"वाटतं की," ती म्हणाली. "भ्या वाटतं म्हणून खरं बोलायचं अन् भ्या नसलं की खोटं, असलं देवपण मला कुणी शिकवलं नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमाला बी कुणी शिकवलं नसंल."

चालताना त्यानं आपला वेग कमी केला, तिला गाठता येईल एवढा.

*

खंडोबाचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि एक पायरी. पलीकडे काट्याकुट्यांचं कुंपण घातलेला बानाबाईचा वाडा. आत कोकरं ओरडत होती. देवळापुढं गावातली माणसं जमली होती. पंचांतला सगळ्यांत म्हातारा सांडूबाबा खांबाला टेकून बसला होता. बानाबाई उन्हातच उभी होती, हातात काठी, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. देवापुढं पितळी ताटलीत भंडारा आणि वर बेलाचं पान ठेवलेलं होतं.

जीपमधून काकासाहेब, साळूबाई आणि नानासाहेब उतरले. काकासाहेबांनी सवयीनं पायरीला डोकं टेकवलं आणि मग बाजूला जाऊन उभे राहिले, ताटलीपासून चांगले लांब.

"बद्रीनाथ उचलणार हाये," नानासाहेबानं पंचांना सांगितलं.

लोकांत कुजबुज झाली. बानाबाईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आपण बोलताना काय सोडून दिलं, ते तिला त्या घटकेला कळलं असावं. देवाला न मानणाराही त्या घरात एक आहे, हे बोलताना तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. भंडाऱ्याला न भिणारा माणूसच तिनं कधी पाहिला नव्हता.

"बद्री, ये," सांडूबाबा म्हणाला. "हात धू अन् उचल."

"हात नाय धुवायचा मला, बाबा. बोलायचंय." बद्रीनाथ पायरीच्या खालीच उभा राहिला. "तात्यांनी हा माळ बिरूला दिला. मरताना परत सांगितलं, कागद करून द्या. दादा व्हय म्हणाले. मी शेजारी बसलो व्हतो, मी ऐकलं."

मग काकासाहेबांचा बांध फुटला.

"खोटं हाये," ते म्हणाले. "साफ खोटं. याला देव नाय, धर्म नाय, याच्या जबानीला बूड काय? पोरीचं उट्टं काढतोय माझ्यावर. इतकी वर्षं पोटात ठेवलं अन् आज चारचौघांत ओकला. घरात बसून जिलबी खाल्ली यानं सकाळी."

"जिलबी खाल्ली," बद्रीनाथ म्हणाला. "व्हय म्हणलो नव्हतो."

सांडूबाबानं हात वर करून दोघांना थांबवलं. "बद्री, तू सख्ख्या भावाइरुद्ध बोलतूस. नुसतं बोलून कसं चालंल? भंडारा उचलून हेच बोल. मंग गाव ऐकंल."

हे बद्रीनाथच्या ध्यानात आलं नव्हतं. खोटं बोलायला भंडारा उचलायचा नाही, हे ठरवून तो आला होता. खरं बोलायलाही तोच लागेल, हे त्याला कुठं माहीत? त्यानं ताटलीकडं पाहिलं. तीच हळद. आणि ज्यावर आपला विश्वास नाही त्याची आण घेऊन खरं बोलायचं, हे तरी कुठलं खरेपण? नकोच, असं त्याच्या तोंडावर आलं. मग त्याला कुंपणापलीकडची कोकरं दिसली. आपल्या तोऱ्यापायी या बाईनं कुठं जायचं? तोरा माझा आणि वाडा तिचा उठणार, हा सौदा त्याला पटेना. त्यानं दात आवळले, पायरी चढला आणि हात पुढं केला.

"थांबा, बापू," बानाबाई म्हणाली.

ती पुढं आली. "सांडूबाबा, मी काय शब्द टाकला व्हता? माळ दिला नव्हता असं जो म्हणंल, त्यानं उचलावा. दिला म्हणणारानं कशाला उचलायचा? बापूंचं बोलणं मला तसंच चालतंय. मला भंडारा खोटं म्हणणाराचा पायजे."

तिनं ताटली उचलली आणि थेट काकासाहेबांपुढं धरली. "उशाला दोघं व्हते. एक बोलला. आता तुमी, दादा."

देवाची ताटली कुणी पुढं केली तर मागं सरता येत नाही. काकासाहेबांनी ती डाव्या हातात घेतली. उजवा हात भंडाऱ्यावर नेला. बोटं हळदीच्या वर वीतभर अंतरावर थांबली.

"उचला, दादा," नानासाहेब बापाच्या कानाशी म्हणाला. "एक वाक्य तर हाये."

बोटं थोडी खाली गेली.

"नका," साळूबाई ओरडली. "नका उचलू वं. लेकरं हायेत घरात."

एवढं बोलून तिनं स्वतःच पदर तोंडात कोंबला. पण तोवर सगळ्या माळानं ऐकलं होतं. सांडूबाबानं एकदा तिच्याकडं, एकदा काकासाहेबांकडं पाहिलं.

"मिटलं," तो म्हणाला. "खरं असतं तर लेकरांना कशाचं भ्या? बाई, तुझा वाडा हाये तिथं राहील. काकासाहेब, कागद करायचा का नाय ते तुझ्या इमानावर. पण गिऱ्हाईक घेऊन या माळावर आलास तर गाव आडवं येईल."

माणसं उठली, धोतरं झटकली, दोघं-तिघं बोलत बोलत उतरणीला लागली. नानासाहेब जीपकडे गेला तो मागं वळून न बघता. काकासाहेब ताटली हातात घेऊन तसेच उभे होते. उचलता येत नव्हतं आणि खाली ठेवायचं भानही नव्हतं. बद्रीनाथ समोर दिसला तसे ते पेटले.

"घर मोडलंस," ते म्हणाले. "माझी मान गावात खाली घातलीस. देव नाय मानत, मेल्यावर काय नाय म्हणतूस, पोर नाय, बाळ नाय. मंग कुणाला भिऊन केलंस हे?"

"कुणालाच भ्यालो नाय. खोटं बोलून मला माझ्या दुकानात बसता आलं नसतं. तेवढंच." त्याचा आवाज चढला नाही, पण सरूबाईला त्याच्या मानेची शीर तटतटलेली दिसली. "दादा, गोदाच्या कपाळाला तुमी भंडारा चोळला, तवा तुमी रडत व्हते. पोरगी गेली तरी मी तुमाला कधी एका शब्दानं बोललो नाय. का, ठाऊक हाये? मला वाटलं, या माणसाचा भरवसा व्हता. चुकला, पण भरवसा व्हता. त्यावर मी इतकी वर्षं काढली. अन् आज सकाळी तुमी मला त्याच भंडाऱ्यावर खोटं बोलायला लावत व्हते. म्हंजी तुमचा भरवसा असा व्हता, की दुसऱ्यानं खोटं बोलावं अन् तुमी लांब उभं राहावं. हे मला ठाऊक असतं ना, तर त्या दिशी मी तुमचं ऐकलं नसतं. जीप आधी दवाखान्यात गेली असती."

काकासाहेबांनी हातातल्या ताटलीकडं पाहिलं.

"ते मी माफ केलं व्हतं," बद्रीनाथ म्हणाला. "आता नाय केलं."

ताटली काकासाहेबांच्या हातात वाजायला लागली. साळूबाई ती घ्यायला पुढं आली आणि हळद पाहून थबकली. शेवटी बद्रीनाथनंच ती ताटली भावाच्या हातातून काढून घेतली. दया आली म्हणून नव्हे. म्हातारा आता पडेल असं वाटलं म्हणून. पायरी चढून त्यानं ती देवापुढं जागेवर ठेवली. उतरला तेव्हा त्याच्या तळहातावर भंडारा सांडलेला होता. तो हात अंगापासून दूर धरून उभा राहिला, कुणाचा तरी परका हात असावा तसा.

बानाबाईच्या वाड्याजवळ पाण्याचा माठ होता. सरूबाईनं तिला न विचारता तांब्या भरून घेतला आणि नवऱ्यापुढं आली.

"हात करा पुढं."

"राहू दे. तुझा देव हाये तो."

"हाये," ती म्हणाली. "करा पुढं."

त्यानं हात पुढं केला. सरूबाई पाणी घालत राहिली, तळहात कोरा होईस्तोवर, आणि मग स्वतःच्या पदरानं तिनं तो पुसला.